पज हेफेलफिंगर आणि ते 500 डॉलर: काही शंका

रानवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

अमेरिकन फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळावर मराठीत एक दीर्घ लेख लिहायला घेतला आहे. लेखाचा नायक विल्यम ‘पज’ हेफेलफिंगर, 1892 मध्ये एका सामन्यात खेळण्यासाठी रोख 500 डॉलर घेतलेला खेळाडू. वाचन बरंच झालं आहे, पण काही ठिकाणी गाडी अडते. जाणकारांनी मदत करावी.

एक म्हणजे, पैसे घेऊन खेळलेला पहिला खेळाडू हाच, हे कशावरून ठरलं? जुन्या लिखाणात हा मान जॉन ब्रॅलियर नावाच्या दुसऱ्याच खेळाडूला दिलेला दिसतो. दुसरी शंका त्या सामन्याच्या 4-0 या निकालाची. आजच्या गुणपद्धतीत 4 गुण मिळवायचे तर दोन सेफ्टी (चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडणं) लागतील, आणि इथे तर एका टचडाउनवर (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं) सामना जिंकल्याचं लिहिलं आहे. शिवाय हेफेलफिंगर गार्ड, म्हणजे पुढच्या रांगेतला खेळाडू होता. गार्डचं काम अडवाअडवीचं, मग चेंडू त्याच्या हाती आला कसा? 500 डॉलर म्हणजे तेव्हा नेमके किती, ते इतके गुपचूप का दिले, आणि त्या सामन्यानंतर या माणसाने आयुष्यभर काय केलं, हेही हवं आहे.

दंतकथा नकोत. छापल्यावर कोणी बोट ठेवू नये इतकं पक्कं हवं.

जुनी_कात्रणं

पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण सगळा दावा एका कागदावर उभा आहे.

अ‍ॅलेगेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशन (पुढे एएए) या क्लबचा एका सामन्याचा जमाखर्च लिहिलेला तो कागद. सामना 12 नोव्हेंबर 1892 चा, समोर पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लब (पीएसी). जमेच्या बाजूला तिकीटविक्रीचे 1,683.50 डॉलर. खर्चात पाहुण्या संघाला द्यायची ठरलेली रक्कम, मैदानाचं भाडं, बाहेरून आणलेल्या खेळाडूंचा प्रवासखर्च असे नेहमीचे आकडे, आणि त्यांच्यातच डब्ल्यू. हेफेलफिंगर याला खेळण्याबद्दल रोख 500 डॉलर ही नोंद. प्रवासखर्चाचे 25 डॉलर त्याला वेगळे मिळाले. सगळं वजा जाऊन क्लबला सुमारे 621 डॉलर उरले. हा कागद आता ओहायोतल्या कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये आहे.

त्याआधीही क्लब खेळाडूंना काही ना काही देत असत. कोणाला नोकरी लावून द्यायची, कोणाला बक्षीस म्हणून घड्याळ द्यायचं आणि ते गहाण टाकून त्याने पैसे उचलायचे, कोणाला खर्चाच्या नावाखाली दुप्पट रक्कम द्यायची, असे मार्ग होते. म्हणून लेखात ‘पैशासाठी खेळलेला पहिला माणूस’ असं लिहू नका. ‘खेळण्यासाठी रोख पैसे घेतल्याचा लेखी पुरावा असलेला पहिला खेळाडू’ असं लिहा. वाक्य लांबतं, पण उभं राहतं.

सामन्याची पार्श्वभूमी लेखात घ्याच. याच दोन क्लबांची ऑक्टोबरमध्ये गाठ पडली होती आणि सामना 6-6 बरोबरीत सुटला होता. त्यात पीएसीने बाहेरचा एक खेळाडू खोट्या नावाने उतरवल्याचं उघड झालं आणि दोन्ही गोटांत वितुष्ट आलं. परतीच्या लढतीसाठी दोघेही मोठी नावं शोधू लागले. हेफेलफिंगर तेव्हा रेल्वेच्या कचेरीतल्या नोकरीतून रजा घेऊन शिकागो अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या संघाबरोबर पूर्वेकडच्या दौऱ्यावर होता. पीएसी त्याला आणि त्याचा सहकारी नोल्टन एम्स याला प्रत्येकी 250 डॉलर देऊ करत असल्याची बातमी पिट्सबर्गच्या वर्तमानपत्रात आली. मग एएएनेही बोलणी लावली. एम्सने नकार दिला. हेफेलफिंगरने सांगितलं की हौशी खेळाडू म्हणून असलेली आपली पत 250 डॉलरसाठी धोक्यात घालणार नाही, 500 देत असाल तर येतो. एएएने दिले. शिकागोच्या संघातले बेन डॉनेली आणि एड मॅली हेही आले, पण त्या दिवशी खर्चापुरत्या पैशांवर.

मैदानात त्याला पाहताच पीएसीची मंडळी बिथरली. बराच वेळ वादावादी झाली, लागलेल्या पैजा रद्द करायचं ठरलं आणि उशीर झाल्यामुळे खेळाची वेळ कमी करण्यात आली. पहिल्या हाफमध्ये पीएसीच्या खेळाडूच्या हातून चेंडू सुटला, हेफेलफिंगरने तो उचलला आणि थेट गोलरेषेपार नेला. हे अंतर कुठे 25 यार्ड दिलेलं आहे, कुठे 35. लेखात एकच आकडा ठामपणे टाकू नका. सामन्यातले गुण तेवढेच.

स्थळाबाबत एक चूक सर्रास होते. सामना रिक्रिएशन पार्कवर झाला, आणि हे मैदान अ‍ॅलेगेनी सिटीत होतं. हे तेव्हा नदीपलीकडचं स्वतंत्र शहर होतं, पिट्सबर्गमध्ये ते 1907 साली विलीन झालं. ‘पिट्सबर्ग शहरात’ असं लिहिलंत तर 1892 पुरतं चुकेल.

तिसरा_डाउन

वरचा प्रतिसाद उत्तम. 4-0 आणि गार्ड या शंकांचं उत्तर देतो.

त्या काळी टचडाउनला 4 गुण होते. त्यानंतरची किक गोलवरून गेली तर आणखी 2. फील्ड गोलला (खेळ चालू असताना किक मारून केलेला गोल) 5 आणि सेफ्टीला 2. म्हणजे नुसता निकाल पाहूनही कळतं की टचडाउन झालं आणि पुढची किक हुकली, नाहीतर निकाल 6-0 लागला असता. किक हुकणं तेव्हा नवलाचं नव्हतं. आज ती मधोमध ठेवून मारतात. तेव्हा चेंडू गोलरेषेपलीकडे जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे आणून मारावी लागे. टचडाउन कोपऱ्यात झालं तर कोन फार तिरका व्हायचा. धावणारा खेळाडू गोलरेषा ओलांडल्यावर मधे सरकायचा प्रयत्न का करी, हे यावरून समजतं.

जुने निकाल तपासताना वर्षं लक्षात ठेवा. टचडाउन 1898 पासून 5 गुणांचं झालं आणि 1912 पासून 6 गुणांचं. फील्ड गोल 1904 मध्ये 4 वर आला, 1909 मध्ये 3 वर. टचडाउननंतरची किक 1898 पासून 1 गुणाची. 1890 च्या दशकातल्या 10-0 या निकालाला आजची पद्धत लावली की ‘एक टचडाउन आणि एक फील्ड गोल’ असं चुकीचं वर्णन तयार होतं. तो निकाल बहुधा दोन टचडाउन आणि एक यशस्वी किक असा असतो.

आता गार्डच्या हाती चेंडू कसा आला ते. 1892 मध्ये पुढे फेकलेला पास नव्हताच, तो 1906 मध्ये कायदेशीर झाला. तीन डाउनमध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, 5 यार्ड काढायचे असत. म्हणून प्रत्येक डाव म्हणजे चेंडूवाल्याभोवती घोळका करून समोरच्या रांगेवर आदळणं. त्यात आणखी एक नियम असा, की पकडलेला खेळाडू स्वतः ‘डाउन’ असं ओरडेपर्यंत चेंडू जिवंत. तो ओरडायच्या आत चार-पाच जण त्याच्या हातातून चेंडू हिसकायच्या मागे लागत. चेंडूही आजच्यासारखा निमुळता नव्हता, जाडजूड आणि गोलसर होता, त्यामुळे काखेत नीट बसत नसे. सुटलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. रांगेतला माणूस चेंडूच्या सर्वात जवळ, म्हणून गार्डने चेंडू उचलून धावणं तेव्हा आजच्याइतकं दुर्मीळ नव्हतं. दुर्मीळ होतं ते गार्ड इतका वेगवान असणं.

हेफेलफिंगरची उंची 6 फूट 3 इंचांच्या आसपास, वजन 200 पौंडांच्या आगेमागे. आजच्या गार्डपेक्षा तो शंभरेक पौंडांनी हलका, पण त्या काळच्या रांगेत चांगलाच दांडगा. इतर जण वाकून उभे राहत, हा जवळजवळ ताठ उभा राही. त्यामुळे समोरचा डाव कुठे चालला आहे ते त्याला दिसे, आणि लांब हातांनी तो समोरच्याला बाजूला सारू शके. हात वापरायची ही मुभा फक्त बचाव करणाऱ्या बाजूला होती. 1888 मध्ये नियम बदलले आणि चेंडू असलेल्या बाजूला हात पसरून अडवायला बंदी झाली. त्याच वर्षी कमरेखाली गुडघ्यापर्यंत टॅकल करायला, म्हणजे पकडून पाडायला, परवानगी मिळाली. मोकळ्या मैदानात धावणारा लगेच पाडला जाऊ लागला, रांगा खांद्याला खांदा लावून आवळल्या गेल्या आणि खेळ घोळक्याचा झाला. हेफेलफिंगरचा येल विद्यापीठाच्या संघातला पहिला मोसम नेमका 1888 चा. तो या बदलातच घडला.

त्याचं खरं योगदान तुमच्या लेखात यायला हवं. आपली बाजू चेंडू घेऊन धावत असताना रांगेतली जागा सोडायची, मागे सरकून आडवं पळायचं आणि चेंडूवाल्याच्या पुढे राहून वाट मोकळी करायची, हे काम गार्डने करायचं तंत्र त्याच्या नावाशी जोडलं जातं. आजचा ‘पुलिंग गार्ड’ तो हाच. येलमध्ये त्याच्या मागून धावणारा ली मॅक्लंग गुणांच्या राशी ओतायचा. (हाच मॅक्लंग पुढे अमेरिकेचा ट्रेझरर झाला, त्या काळच्या अमेरिकी नोटांवर त्याची सही सापडते.)

बचावात त्याचा गाजलेला डाव ‘व्ही’ फोडायचा. तेव्हा खेळ सुरू करताना चेंडू लांब मारायची सक्ती नव्हती. पायाने नुसता हलवला की उचलून घेता यायचा. मग पूर्ण संघ व्ही आकारात उभा राही, चेंडूवाला आत, आणि अख्खा पाचर पुढे रेटला जाई. बाजूने त्याला भिडलं तर माणूस पायाखाली जाई. हेफेलफिंगर दोन-चार पावलं धावून गुडघे पोटाशी घेत उडी मारायचा आणि पाचरीच्या टोकावरच्या माणसाच्या छातीवर आदळायचा. टोक बसलं की मागचे एकमेकांवर कोसळत. हे करताना ना त्याच्या डोक्यावर हेल्मेट, ना अंगात पॅड. अंगावर नाड्यांनी आवळलेला कॅनव्हासचा बंडी-सदरा आणि जाड विजार. डोक्याला मार कमी लागावा म्हणून खेळाडू केस वाढवत.

इथे एक चूक टाळा. ‘फ्लाइंग वेज’ हा वेगळा प्रकार. तो हार्वर्डने येलविरुद्ध 19 नोव्हेंबर 1892 ला स्प्रिंगफील्डमध्ये काढला. खेळाडू दोन गटांत मागून धावत येत आणि पळतापळताच पाचर तयार करत. हेफेलफिंगर तेव्हा येलच्या संघात नव्हता, त्याचा शेवटचा येल मोसम 1891 चा. त्याने फोडला तो उभ्याने सुरू होणारा जुना व्ही. दोन्ही एकत्र करून लिहिलेलं पुष्कळ ठिकाणी सापडेल.

रानवारा

दोघांचे मनापासून आभार. ‘डाउन’ ओरडायचा नियम मला अजिबात माहीत नव्हता, त्यामुळे तो फंबल (हातून चेंडू सुटणं) आता डोळ्यांसमोर उभा राहतो. 500 डॉलरच्या किमतीचं आणि गुप्ततेचं कोणी लिहील का? आणि हेफेलफिंगरनंतर लगेच सगळे खेळाडू पगारी झाले की मधे बराच काळ गेला? ब्रॅलियरचं नेमकं काय?

ताळेबंद

पैशांचं मी लिहिते.

महागाईचा गुणक लावून ‘आजचे इतके हजार’ असं सांगायची पद्धत आहे. 1892 पासून किमती साधारण 30 ते 35 पट झाल्या, म्हणजे 500 चे आज पंधरा-सतरा हजार डॉलर होतात. पण या आकड्याने वाचकाला फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा तिथल्याच मजुरीशी तुलना करा. त्याच वर्षी जुलैमध्ये पिट्सबर्गजवळच्या होमस्टेड पोलाद कारखान्यात संपावरून रक्तपात झाला होता. तिथल्या अकुशल मजुराला तासाला साधारण 14 सेंट मिळत. रोजचे 12 तास धरले तर दिवसाचे 1.68 डॉलर. त्या दराने 500 डॉलर कमवायला जवळजवळ 300 दिवस भट्टीपाशी राबावं लागे. हेफेलफिंगरला ते एका दुपारी मिळाले. हा हिशेब लेखात घाला, वाचकाला रकमेचं वजन समजेल.

क्लबच्या बाजूनेही सौदा तोट्याचा नव्हता हे विसरू नका. 500 देऊनही 621 उरले, कारण या दोन क्लबांचं वैर पाहायला गर्दी लोटली होती. पुढची तीस वर्षं व्यावसायिक फुटबॉल याच गणितावर चालला. शेजारच्या गावाशी वैर, एक मोठं नाव, आणि त्या जोरावर खपलेली तिकिटं.

गुप्तता का, तर अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन. क्लब या संघटनेचे सदस्य होते. खेळाडू पैसे घेताना सापडला तर त्याचा हौशी दर्जा जाई आणि क्लबवरही कारवाई होई. फटका फुटबॉलपुरता नसे, त्याच क्लबचे धावपटू आणि इतर खेळाडू सगळेच अडचणीत येत. म्हणून जमाखर्चाचा कागद क्लबच्या दप्तरातच राहिला. तो उजेडात यायला अनेक दशकं लागली, आणि तोवर पहिल्या खेळाडूचा मान ब्रॅलियरकडे गेला.

ब्रॅलियरची गोष्ट सरळ आहे. पेनसिल्व्हेनियातलं लॅट्रोब, 3 सप्टेंबर 1895, समोर शेजारच्या जीनेटचा संघ. लॅट्रोबचा क्वार्टरबॅक (डाव चालवणारा खेळाडू) त्या दिवशी बेसबॉलच्या सामन्यात अडकला. व्यवस्थापक डेव्हिड बेरी याने 18 वर्षांच्या जॉन ब्रॅलियरला 10 डॉलर आणि खर्च देऊन बोलावलं. लॅट्रोब 12-0 ने जिंकलं. ब्रॅलियर पुढे दंतवैद्य झाला. त्याने पैसे घेतल्याचं उघडपणे सांगितलं, त्यामुळे त्याचं नाव आधी नोंदलं गेलं. पण तीन वर्षं आधीचा हेफेलफिंगरचा कागद समोर आल्यावर क्रम बदलला. मधेही नावं आहेत. 19 नोव्हेंबर 1892 ला, म्हणजे पुढच्याच आठवड्यात, एएएने बेन डॉनेलीला 250 डॉलर देऊन वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजविरुद्ध उतरवलं आणि सामना 8-0 ने हरला. 1893 मध्ये पीएसीने एका खेळाडूशी, बहुधा ग्रँट डिबर्टशी, मोसमभराचा करार केला. माहीत असलेला सर्वात जुना करार तो. त्याच वर्षी एएएने रांगेतल्या तिघांना सामन्यामागे 50 डॉलर दिले.

म्हणजे ‘500 डॉलर हा तेव्हाचा भाव होता’ असं लिहिणं चूक. ती एका सामन्याची, एका नामांकित खेळाडूची रक्कम. भाव 10 ते 50 डॉलरच्या घरात होता.

जुनी_कात्रणं

‘लगेच सगळे पगारी झाले का’ याचं उत्तर नाही असं आहे. 1897 मध्ये लॅट्रोबने पूर्ण मोसम फक्त पगारी खेळाडूंवर काढला, तो पहिला संघ. त्यानंतरही बहुतेकांचं पोट दुसऱ्या कामावर चाले. याचं नेमकं चित्र हवं असेल तर चार्ल्स फॉलिसचं आयुष्य पाहा.

फॉलिसचा जन्म 1879 चा, व्हर्जिनियातला. कुटुंब ओहायोतल्या वूस्टरला आलं. हायस्कूलमध्ये त्याने फुटबॉल संघ उभा केला, नंतर वूस्टरच्या क्लबकडून खेळताना शेल्बीच्या संघाला त्याने इतकं सतावलं की 1902 मध्ये शेल्बीने त्यालाच आपल्याकडे घेतलं. नुसता संघात घेऊन भागणार नव्हतं, तो शेल्बीत राहायला हवा होता. म्हणून गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात त्याला काम देण्यात आलं. दिवसा दुकान, उरलेल्या वेळात सराव. 1904 च्या सप्टेंबरमध्ये शेल्बीने त्याच्याशी रीतसर करार केला. हा पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू. प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम जास्त जोरात पाडत आणि प्रेक्षक शिवीगाळ करत. 1905 मध्ये टोलेडोत हे इतकं वाढलं की टोलेडोच्याच कर्णधाराने लोकांना थांबवलं. 1906 मध्ये दुखापतीने त्याचा फुटबॉल संपला. बेसबॉल चालू ठेवला, आणि 1910 मध्ये न्यूमोनियाने वारला, वय 31.

शेल्बीत 1902 आणि 1903 मध्ये त्याचा एक सहकारी होता ब्रँच रिकी. रिकीनेच पुढे ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचा कारभार पाहताना जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध केलं. फॉलिसला पाहून रिकीने तो निर्णय घेतला असं सरळ लिहिलेलं आढळतं. दोघे एका संघात होते एवढंच लिहा, त्यापुढचा दुवा जोडू नका.

मोठी रक्कम पुन्हा ठळकपणे दिसते ती 1915 मध्ये. कँटन संघाचा व्यवस्थापक जॅक क्युसॅक याने जिम थॉर्प या नामांकित खेळाडूला सामन्यामागे 250 डॉलर देऊ केले. हा संघ बुडणार असं लोक म्हणत होते. आधी बाराशेच्या आसपास घुटमळणारी गर्दी मॅसिलॉनविरुद्धच्या दोन सामन्यांना 6,000 आणि 8,000 वर गेली. पण एकाने 250 दिले की शेजारचे संघही तसेच दर लावू लागतात, खेळाडू आठवड्याला संघ बदलतात आणि कॉलेजमधली मुलं खोट्या नावाने खेळतात. या तीन दुखण्यांवर उपाय म्हणून 17 सप्टेंबर 1920 ला कँटनमध्ये ‘राल्फ हे’ नावाच्या माणसाच्या मोटारींच्या शोरूममध्ये संघांचे प्रतिनिधी जमले आणि अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन झाली. थॉर्प अध्यक्ष. 1922 मध्ये तिचं नाव नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) झालं. हेफेलफिंगर एनएफएलमध्ये कधीच खेळला नाही, तरी ‘एनएफएलचा पहिला खेळाडू’ असं त्याच्याबद्दल लिहिणारे भेटतात.

तिसरा_डाउन

राहिलं हेफेलफिंगरचं स्वतःचं आयुष्य. मागे-पुढे दोन्ही देतो.

जन्म 20 डिसेंबर 1867, मिनियापोलिस. वडील क्रिस्टोफर यादवी युद्धात मिनेसोटाच्या पहिल्या रेजिमेंटमध्ये होते आणि नंतर बुटांच्या धंद्यात. म्हणजे पैशाची निकड म्हणून 500 डॉलर घेतले असं चित्र रंगवू नका, घर खाऊनपिऊन सुखी होतं. हायस्कूलमध्ये असतानाच तो मिनेसोटा विद्यापीठाच्या संघातून खेळला होता, तेव्हा पात्रतेचे नियम तितके सैल होते. येलमध्ये 1888 ते 1891. पहिल्या वर्षी येलने 13 सामन्यांत 698 गुण केले आणि समोरच्यांना एकही दिला नाही. 1891 मध्ये पुन्हा 13 विजय आणि 488-0. चार मोसमांत फक्त दोन पराभव, 1889 मध्ये प्रिन्स्टनकडून 10-0 आणि 1890 मध्ये हार्वर्डकडून 12-6. 1889 मध्ये पहिला ऑल-अमेरिका संघ (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंची निवड) निवडला गेला त्यात तो होता, आणि पुढची दोन वर्षंही.

प्रशिक्षक म्हणून 1893 मध्ये कॅलिफोर्निया, 1894 मध्ये लीहाय, 1895 मध्ये मिनेसोटा. त्यानंतर मिनियापोलिसमध्ये आधी कुटुंबाचा बुटांचा व्यवसाय, मग जमीनजुमल्याचा. 1924 ते 1948 अशी 24 वर्षं तो हेनेपिन काउंटीच्या कारभारी मंडळावर निवडून येत राहिला. हा भाग बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात. माझ्या मते तिथे थांबायला हवं. व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द अशी गोष्टच तेव्हा नव्हती. देशातला सर्वात नावाजलेला गार्डसुद्धा पंचविशी ओलांडल्यावर पोटापाण्याला दुसरीकडे लागतो, आणि त्याचं उरलेलं साठ वर्षांचं आयुष्य धंद्यात आणि काउंटीच्या बैठकांत जातं.

खेळ मात्र सुटला नाही. येलच्या मुलांना शिकवायला तो जात असे आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतानाही सरावात स्वतः रांगेत उभा राही. मदतनिधीसाठीच्या सामन्यांत तो बावन्नाव्या-त्रेपन्नाव्या वर्षीही उतरला, आणि अगदी शेवटचा सामना 1933 मध्ये, वयाच्या 65 व्या वर्षी. 1930 च्या दशकात त्याच्या नावाने फुटबॉलच्या माहितीच्या छोट्या पुस्तिका निघत. 1951 मध्ये कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत त्याची निवड झाली. निधन 2 एप्रिल 1954, टेक्सासमधल्या ब्लेसिंग गावी, वय 86.

दोन हॉल ऑफ फेमची गल्लत करू नका. कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा कागद आहे, तो स्वतः तिथला निवडलेला सदस्य नाही. त्याची निवड कॉलेजच्या हॉलमध्ये.

रानवारा

फारच उपयोगी. शेवटचं एक: सामन्याच्या वेळेबद्दल. ‘90 मिनिटांचा सामना’ असं एके ठिकाणी आहे, दुसरीकडे 60. बरोबर कोणतं?

तिसरा_डाउन

1892 च्या नियमाप्रमाणे 45 मिनिटांचे दोन हाफ, म्हणून 90. 1894 मध्ये ते 35-35 झाले, 1906 मध्ये 30-30, आणि 15 मिनिटांचे चार भाग 1910 पासून. 12 नोव्हेंबरचा सामना मात्र वादात वेळ गेल्यामुळे दोन्ही बाजूंच्या संमतीने छोटा केला होता, आणि अंधार पडल्यामुळे दुसरा हाफ त्याहून आधी थांबला. म्हणून नियमाची वेळ आणि प्रत्यक्ष खेळलेली वेळ अशी दोन वेगळी वाक्यं करा. बदली खेळाडूचंही तिथेच लिहून टाका: दुखापत झाली किंवा पंचाने बाहेर काढलं तरच बदली, आणि बाहेर गेलेला परत येत नसे. तेच अकरा जण चढाईलाही आणि बचावालाही. हेफेलफिंगरने 500 डॉलर घेतले ते एका जागेसाठी, पण त्या जागेवर दोन्ही बाजूंचं काम त्यालाच करावं लागलं, आणि टचडाउन आलं ते बचाव करताना.